एका रात्रीनं काय होतंय?

गेल्या मंगळवारी रात्री पावणेदोनला फोन वाजला. अशा वेळी फोन वाजला की आधी पोटात गोळाच येतो. बघते तर माझी मामेबहीण. "ताई, झोपली होतीस का गं?" (पावणेदोनला! पण असो.) मागे बाळाचं रडणं, त्या रडण्याच्या मागे मामीचा आवाज, आणि त्याच्याही मागे मामाच्या सपातांची फटक फटक येरझार. मला न सांगताच सगळं कळलं. कारण ही रात्र मी जगले आहे.

तिचं बाळ अडीच महिन्यांचं. दोन्ही पाय जन्मतः आत वळलेले, म्हणजे क्लबफूट. दर आठवड्याला एक अशी सहा प्लास्टरं झाली, टाचेमागची शीर मोकळी केली, त्यानंतरचं तीन आठवड्यांचं प्लास्टर त्याच सकाळी निघालं आणि हातात ब्रेस मिळाला. ब्रेस म्हणजे काय, तर दोन इवलेसे बूट आणि त्यांना जोडणारी एक दांडी. मामीनं पहिल्या तासातच त्याचं नाव 'बेडी' ठेवून टाकलं होतं.

"ताई, आई म्हणतेय आजच्या दिवस काढ. पोर बिचारं दमलंय. एका रात्रीनं काय होतंय? उद्यापासून घालू. काढू का गं?"

मी म्हटलं, काढू नकोस. त्यानंतर तास-दीड तास आम्ही फोनवर होतो. सव्वातीनला बाळ झोपलं, बुटांसकट. मला मात्र झोप लागेना. डोक्यात सगळं उलटसुलट यायला लागलं, ते शेवटी इथे लिहून काढतेय. आणि मामी, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे, कारण तुला लिंक मीच पाठवणार आहे. राग मानू नकोस. मानलास तरी चालेल. पण बूट काढू नकोस.

नेहमीच्या वाचकांना आमची चिऊ माहीत आहे, पण तिच्या पायाबद्दल मी इथे कधी लिहिलं नव्हतं. का लिहिलं नव्हतं ते पुढे येईलच. चिऊ ऑगस्ट २०२१ची. उजवा पाय आत वळलेला, तळवा वर आणि आत, जणू पाय स्वतःकडेच बघतोय. हे काही फार दुर्मीळ नाही, ढोबळमानाने हजार बाळांमागे एकाला असतं, मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त. आमच्याकडे मात्र असं वातावरण होतं की जगात पहिल्यांदाच घडलंय, आणि तेही माझ्यामुळे.

ते ग्रहणाचं प्रकरण इथेच संपवून टाकते, नाहीतर कोणीतरी प्रतिक्रियेत विचारेलच. मी ग्रहण पाळलं नाही म्हणून पाय वाकडा झाला, हे मला बाळंतपणाच्या खोलीत चार वेगवेगळ्या तोंडांतून ऐकायला मिळालं. आता हिशोब बघा. त्या वर्षीचं चंद्रग्रहण होतं २६ मेला, आणि ते महाराष्ट्रातून दिसलंच नाही. सूर्यग्रहण १० जूनला, तेही भारतात फक्त अरुणाचल आणि लडाखच्या काही भागात, सूर्य मावळता मावळता. आणि चिऊचा पाय वळलेला आहे हे पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत मार्चअखेरच दिसलं होतं! म्हणजे मी मे महिन्यात जे काही चिरलं असेल, त्याचा परिणाम मार्चमध्ये झाला. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत मी काळ उलटा फिरवला. हे मी तेव्हा बोलले नाही. आज बोलते.

तर, मुद्दा झोपेचा.

'बूट घातले की बाळ झोपत नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं आता मला हसूही येत नाही. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. बाळाची झोप बूट मोडत नाहीत. बाळाची झोप आपण मोडतो, बूट कधी घालून कधी काढून. जे बाळ रोज, न चुकता, त्याच वेळी बुटांत जातं, ते काही रात्रींत बुटांत झोपायला शिकतं. ज्या बाळाला कळलं की जोरात रडलं की आजी येते आणि पाय सुटतात, ते बाळ रोज जोरात रडणार. का नाही रडणार? हुशार आहे ते. शिवाय मधे मोकळ्या पायांची सवय झाली की पुढची प्रत्येक रात्र त्याच्यासाठी पुन्हा पहिली रात्र.

आमची पहिली रात्र नेमकी दिवाळीच्या तोंडावर आली. ऑक्टोबरच्या शेवटी प्लास्टर निघालं, आणि वसुबारसेला घरात नऊ माणसं. पहिले तीन महिने २३ तास ब्रेस, एक तास आंघोळीचा मोकळा, असा नियम. फराळाचं ताट हातात घेऊन माणसं पाळण्याशी येत आणि दांडीकडे बघून चक् चक् करत. "चांगल्या पायाला कशाला गं शिक्षा?" हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. त्याला उत्तर आहे. नुसता बूट पायाला बाहेर वळवून धरू शकत नाही, त्याला टेकू लागतो, तो टेकू म्हणजे दांडी आणि पलीकडचा पाय. वाकडा असलेला पाय ६० ते ७० अंश बाहेर वळवलेला, चांगला पाय ३० ते ४० अंश, दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांइतकी. गुडघे मोकळे. हे सगळं मापून ठरवलेलं असतं, कोणाच्या लहरीवर नाही.

आणि हे इतकी वर्षं का, तेही सांगते. प्लास्टरांनी पाय सरळ 'दिसतो'. पण घोट्याच्या मागच्या आणि आतल्या बाजूच्या ज्या शिरा आणि पट्टे आखडलेले होते, त्यांची आखडण्याची खोड जात नाही. पहिल्या काही वर्षांत पाऊल भराभर वाढतं, आणि वाढताना त्या शिरा त्याला पुन्हा आत ओढतात. त्यांना रोज रात्री ताणून धरायचं काम ब्रेसचं. म्हणून तीन महिन्यांनंतर १२ ते १४ तास, म्हणजे रात्रभर आणि दुपारची झोप, आणि हे चालायचं साधारण चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. पॉन्सेटी पद्धतीची ग्लोबल हेल्पची एक पुस्तिका आहे, डॉक्टरांसाठी लिहिलेली, पण आईबापांनाही कळेल अशी. त्यातला आकडा मी आमच्या फ्रिजवर चिकटवला होता: ब्रेस नीट वापरणाऱ्या कुटुंबांत पाय पुन्हा वळण्याचं प्रमाण ६ टक्के. न वापरणाऱ्यांत ८० टक्क्यांहून जास्त. मामी, 'काय होतंय' ते हे होतंय.

हे पॉन्सेटी म्हणजे इग्नासिओ पॉन्सेटी, १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मलेले, पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात गेलेले डॉक्टर. ऑपरेशन केलेली पावलं मोठेपणी ताठर आणि दुखरी होतात हे बघून त्यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस हळूहळू प्लास्टरनं पाय वळवण्याची ही पद्धत बसवली. आणि जगानं कित्येक दशकं ती मनावर घेतली नाही! १९९०चं दशक संपता संपता आईबाप इंटरनेटवर एकमेकांना सांगायला लागले, आपापल्या बाळांचे फोटो टाकायला लागले, डॉक्टरांना जाऊन विचारायला लागले, तेव्हा कुठे ती भराभर पसरली. २००९ साली पॉन्सेटी गेले. आपण ब्लॉगवाले उगाच टाइमपास करतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही माहिती :-)

आता राग दुसऱ्या बाजूला वळवते, कारण सगळा दोष आज्यांचा नाही. आम्हाला जिथे ब्रेस दिला, तिथे तो कसा घालायचा हे एकदा दाखवलं, भराभर. कागदावर '२३ तास' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. "नाही घातला तर पाय पुन्हा वळेल," असा दम दिला. पुढचा पेशंट. रात्र कशी काढायची, हे कोणीही सांगितलं नाही. बाळ रडणार, किती रडणार, कशानं रडणार, आपण त्या वेळी काय करायचं, एक अक्षर नाही. आणि मग हेच लोक पुढच्या वेळी 'पालक सहकार्य करत नाहीत' म्हणून मान हलवतात. अहो, रात्री दोन वाजता सासू, नणंद, खालच्या मजल्यावरचे काका आणि स्वतःचं काळीज अशा चौघांविरुद्ध एकटी बाई लढतेय, तिच्या हातात दोन रेघांचा कागद देऊन तुम्ही सहकार्य मागता?

मला जे काही शिकवलं ते बाकावर शेजारी बसलेल्या मुरबाडकडच्या एका बाईनं. तिचं दुसरं मूल तसं होतं. नाव विचारायचं राहून गेलं, त्याची रुखरुख आहे. तिनं सांगितलेलं, पुस्तिकेत वाचलेलं आणि स्वतः आपटून शिकलेलं, असं सगळं मी त्या रात्री फोनवर सांगितलं. तेच इथे लिहून ठेवते.

पहिली गोष्ट मोजे. सुती, लांब, आणि उलटे घालायचे, म्हणजे शिवण बाहेर. सुरकुती राहू द्यायची नाही. आपल्याकडच्या उकाड्यात पाय घामेजतात, म्हणून रात्री एकदा मोजे बदलायचे, तेवढ्यापुरते बूट काढले तरी चालतात. पायाला तेल, क्रीम, पावडर काही नाही. मालीश करणारी बाई ऐकणार नाही, तर तिला सांगा की तेल लावून झाल्यावर पाय धुऊन, कोरडे करून दे. तेलकट पाय बुटात घसरतो, मऊ पडलेली कातडी घासते, फोड येतो, आणि मग खरंच दुखतं.

दुसरी गोष्ट टाच. निम्म्याहून जास्त रडण्याचं मूळ टाचेत असतं असं माझं स्पष्ट मत आहे. गुडघा वाकवून पाऊल बुटात सरकवायचं, टाच खाली टेकली की आधी मधला पट्टा आवळायचा, बाकीचं नंतर. मग नडगी धरून पाय हलकेच वर-खाली करून बघायचं. बोटं पुढे-मागे सरकली तर टाच टेकलेली नाही, पुन्हा घाला. टाच बरोबर टेकलेली असताना बोटं कुठवर येतात तिथे बुटाच्या आत पेननं एक रेघ मारून ठेवली की रात्रीच्या झोपाळू डोळ्यांनाही कळतं. पट्टा घट्ट, पण बोटं निळसर-पांढरी पडतील इतका नाही. माझी बहीण पट्टा सैल ठेवत होती, बाळाला टोचू नये म्हणून. दयाळूपणा! त्या सैल पट्ट्यामुळेच पाय आत घसरत होता आणि घासत होता. पट्टा आवळल्यावर दहा मिनिटांत रडणं निम्म्यावर आलं.

तिसरी गोष्ट लाथ. बाळाला एकेक पाय झाडायची सवय असते, आणि दांडीमुळे ते जमत नाही, म्हणून ते चिडतं. ते दुखणं नाही, चिडणं आहे. आपल्याला नवीन चपलेत जसं अवघडल्यासारखं होतं त्याच्या दसपट. अशा वेळी दांडी मधोमध धरायची आणि दोन्ही गुडघे एकदम पोटाकडे, मग एकदम सरळ, असं हलकेच करत राहायचं. गाणं म्हणा, बडबड करा. दोन्ही पाय एकत्र झाडता येतात हे एकदा बाळाच्या लक्षात आलं की अर्धी लढाई संपते. हे मात्र दिवसा, खेळताना शिकवायचं. रात्री दोन वाजता शिकवणी घ्यायला कोणालाच आवडत नाही. आणि बूट घालायची वेळ झोपेच्या जरा आधीची ठेवायची, म्हणजे बूट, मग थोडा खेळ, मग दूध, मग झोप. बूट घातले आणि लगेच अंधार केला, तर बूट म्हणजे शिक्षाच वाटणार.

मग जागा. झोळी नको. साडीच्या झोळीत पाय एकत्र येतात, दांडी आडवी अडकते, बाळाची मानही दुमडते. लाकडी पाळण्यात दांडी कठड्याला आपटते आणि बाळ स्वतःच्या आवाजानं जागं होतं. आम्ही सरळ जमिनीवर कडक गादी घातली आणि चिऊला उताणं ठेवलं. पाय वर राहावेत म्हणून उशी नको, बाजूला लोड नको, राईची उशीही नको. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आसपास असलं काही ठेवू नये, ब्रेस असो वा नसो. दांडी इकडेतिकडे आपटते तिला मी सायकलच्या हँडलचं फोम घातलं आणि वरून आईच्या जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळली. त्याचा चिऊला फायदा झालाच, पण जास्त फायदा माझ्या नडग्यांना आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना झाला. त्यांनी एकदा जिन्यात अगदी सौजन्यानं विचारलं होतं की आपण रात्री खलबत्ता वापरता का.

आणि रडणं थांबेचना, तर? तर आधी नेहमीचंच बघायचं, भूक, गॅस, लंगोट. (लंगोट बदलायला ब्रेस काढावा लागत नाही, दांडी धरून पाय उचलले की झालं. उलट सोपं जातं.) मग बूट काढून पाय बघायचा. हो, बघायला काढायचा, झोपवायला काढायचा नाही. फिकट लाली थोड्या वेळात जात असेल तर काळजी नाही. फोड असेल, कातडी सोलली असेल, लालभडक डाग तसाच राहत असेल, तर मात्र हट्टानं घालत बसायचं नाही, सकाळ झाली की डॉक्टरांना दाखवायचं, टाच घसरतेय का, माप चुकलंय का ते त्यांनी बघायचं. मी कडक आहे म्हणजे आंधळी नाही.

एक गोष्ट मात्र तळमळीनं सांगते. आम्हाला एका जवळच्या माणसानं सल्ला दिला होता, सर्दीचं औषध दोन थेंब पाज, गुंगीत झोपेल. कृपा करून असलं काही करू नका. इतक्या लहान बाळाला गुंगी आणणारं औषध हे त्याच्या श्वासाशी खेळणं आहे. त्या सल्ल्यानंतर मी औषधांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला, आणि किल्ली मंगळसूत्रात नाही अडकवली एवढंच.

तर असं सगळं मला येतं. मग मी एवढी हुशार, तर माझ्या मुलीचा पाय पुन्हा का वळला?

हो, वळला. हे नातेवाईकांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. मे २०२२, चिऊ नऊ महिन्यांची, धाकट्या दिराचं लग्न, आम्ही संगमेश्वरजवळ गावी. तोवर ती रात्रीच्या ब्रेसला इतकी सरावली होती की बूट समोर आणले की पाय पुढे करायची. घरात चाळीस माणसं. पहिल्या रात्री लाइट गेले, उकाडा, घाम. आजेसासूबाई म्हणाल्या, "अगं सोड त्या पोरीला." मी सोडली. दुसऱ्या दिवशी मुलीकडची माणसं यायची होती. कोणीतरी, कोण ते सोडून द्या, म्हणालं की पाहुण्यांसमोर ते लोखंड नको दिसायला, उगाच चार प्रश्न. आणि मला बरं वाटलं. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. उकाडा हे निमित्त होतं. चिऊच्या झोपेचा तर प्रश्नच नव्हता, ती झोपत होती. मला लाज वाटत होती. नवीन साडी नेसून, मोकळ्या पायांचं बाळ कडेवर घेऊन, इतरांच्या बाळांसारखं बाळ घेऊन मला फोटोत उभं राहायचं होतं. ते फोटो आहेत. छान आले आहेत.

'एक रात्र' तीन आठवडे चालली. लग्न, पूजा, मग आंबे, मग 'आता डोंबिवलीला गेल्यावरच घालू'. घरी येऊन बूट घालायला गेले तर टाच टेकेना. मी मधला पट्टा ओढतेय, ती किंचाळतेय, आणि टाच बुटाच्या तळापासून बोटभर वर. मला वाटलं बूट लहान झाले. बूट लहान झाले नव्हते.

पुन्हा दोन प्लास्टरं. भर जूनमध्ये, मांडीपर्यंत, रांगायला लागलेल्या मुलीला. डॉक्टर काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. मग पुन्हा दिवसरात्र ब्रेस, आणि पुन्हा पहिली रात्र. अडीच महिन्यांच्या बाळाची पहिली रात्र आणि दहा महिन्यांच्या बाळाची पहिली रात्र यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लहान बाळ रडतं, पण त्याला कोणाला बोल लावता येत नाही. दहा महिन्यांची चिऊ माझ्याकडे बघून रडत होती. बूट हातानं ओढत होती, आणि मग माझा हात धरून त्या पट्ट्यावर ठेवत होती, की तू काढ. सहा रात्री. मी आणि नवरा आळीपाळीनं तिला घेऊन गॅलरीत उभे. त्या तीन आठवड्यांची 'दया' तिनं सहा रात्रींत आणि दोन प्लास्टरांत फेडली. मी नाही फेडली, तिनं फेडली.

म्हणून मामी, तू जेव्हा म्हणतेस की ताईचं काळीज दगडाचं झालंय, तेव्हा मला वाईट वाटत नाही. तुझ्या दयेवर मला संशय नाही. लहानपणी मे महिन्यात माझा ताप उतरेपर्यंत रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणारी तूच. पण तेव्हा मी कडू औषध थुंकलं की तू नाक दाबून पुन्हा पाजायचीस. 'आजच्या दिवस राहू दे' असं एकदाही म्हणाली नाहीस. मग याच औषधाला का म्हणतेस? ते पायात घालायचं आहे म्हणून? की ते दिसतं म्हणून?

मला वाटतं, ते दिसतं म्हणून. ज्यांनी मला ब्रेस लपवायला सांगितलं, तीच माणसं मुलगी लंगडली तर लग्न कसं होणार याची चिंता करत होती. दोन्ही चिंता एकाच तोंडातून, एकाच चहाच्या कपावर. आणि मीही त्यांच्यातलीच, ब्लॉगवर चार वर्षं पावसावर, भाजीवर, सिनेमावर लिहिलं, पायावर लिहिलं नाही.

जाता जाता एक उपयोगाचं. पैशांपायी कोणी थांबलं असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार धरलेला आहे. ही योजना २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाली. सरकारी रुग्णालयात विचारा. बूट जुने द्यायचे असतील तर डॉक्टरांना विचारूनच द्या, माप आणि कोन प्रत्येकाचे वेगळे असतात.

कालची बातमी अशी की मामेबहिणीचं बाळ सलग चार तास झोपलं. मामीनं दांडीला फ्लॅनेलचं कव्हर शिवलंय म्हणे, पिवळं, वर बदकं. मला फोन करून नाही सांगितलं, मामाकडून कळलं. फोटोही मामानंच पाठवला. शिवण आतल्या बाजूला घेतली आहे, टोचू नये म्हणून.

चिऊला आता पाचवं लागलंय. नळाशी धावते, जिन्यावरून उड्या मारते, शाळेत मागच्या महिन्यात लिंबू-चमचात तिसरी आली (लिंबू पडलं म्हणून, पायामुळे नाही). रात्रीचे बूट अजून आहेत, ती त्यांना 'माझी झोपेची गाडी' म्हणते. हे टाइप करतेय तोवर आतून हाका सुरू झाल्या आहेत, बाबांनी उजव्या पायाचा पट्टा एक भोक सैल लावलाय आणि ते चालणार नाहीये. जाते.